ना अध्यात, ना मध्यात



काही महिन्यांपूर्वी चर्चच्या दुरुस्तीचे सामान घ्यायला आम्ही बाजारात एका ओळखीच्या दुकानात गेलो होतो. दुकानदार भला माणूस. नाताळला न चुकता भेटायला येतो, आपल्या आजारी माणसांची चौकशी करतो. त्याने खुर्ची पुढे केली, चहा मागवला. बोलता बोलता गोष्ट एका समाजावर आली. त्या लोकांशी देण्याघेण्याचा व्यवहारच बंद केला पाहिजे, त्याशिवाय ते ताळ्यावर येणार नाहीत, असे तो म्हणाला. ते लोक कोण, हे आम्ही इथे लिहीत नाही. कारण गावाच्या दुसऱ्या टोकाला, दुसऱ्या दुकानात हेच वाक्य उलट बाजूने ऐकायला मिळते. आम्ही चहा पीत राहिलो. होकाराची मान हलवली नाही, पण नकारही दिला नाही. निघताना तो हात जोडून म्हणाला, “तुमच्या लोकांचं बरं आहे बा फादर. कोनाच्या अध्यात ना मध्यात.”

खरे सांगायचे तर वाटेत आम्हाला बरे वाटले. आपण ख्रिस्ती माणसे भांडखोर नाही, कोणाच्या वाटेला जात नाही, अशी गावात आपली ओळख आहे, याचा आनंद झाला. पण रात्री झोपण्यापूर्वी दिवसभराच्या वागण्याची झडती घेण्याची सवय सेमिनरीपासून लागलेली आहे. त्या झडतीत ते वाक्य पुन्हा समोर येऊन उभे राहिले आणि या खेपेला ते स्तुतीसारखे वाटेना. प्रभू येशूच्या शिष्याविषयी कोणाला असे म्हणता यावे काय? ‘हा कोणाच्या अध्यात ना मध्यात’ हे प्रशस्तिपत्र घेऊन आपण त्याच्यापुढे उभे राहिलो, तर तो काय म्हणेल?

तोच प्रश्न आज तुमच्यापुढे ठेवतो आहोत. गप्प राहणे आणि शांती राखणे ही एकच गोष्ट आहे काय?

मलकापुरात आपण मूठभर आहोत. कोणी रेल्वेच्या नोकरीने इथे आले, कोणी दवाखान्याच्या किंवा शिक्षणाच्या कामाने, काही घरे दोन-तीन पिढ्यांपासून इथलीच. एवढ्या मोठ्या बाजारपेठेच्या गावात आपली गणती ती किती? थोडक्या माणसांना एक शहाणपण आपोआप येते: दोन मोठ्यांच्या भांडणात पडू नये. आईबापांनी ते आपल्याला शिकवले, आपण ते मुलांना शिकवतो. त्यात वाईट काही नाही. पण शहाणपण कुठे संपते आणि भीती कुठे सुरू होते, ती रेघ एकदा तपासून पाहायला हवी.

मागची काही वर्षे आठवा. नोव्हेंबर २०२१ मध्ये आपल्या अमरावतीत मोर्चे निघाले, दुसऱ्या दिवशी बंद झाला, दुकाने फुटली, संचारबंदी लागली, इंटरनेट बंद झाले. मे २०२३ मध्ये अकोल्यात समाजमाध्यमावरच्या एका मजकुरावरून दगडफेक आणि जाळपोळ झाली, एका माणसाचा जीव गेला. मार्च २०२५ मध्ये नागपुरात एका अफवेने आग लावली आणि तिथेही संचारबंदी आली. तिन्ही शहरे आपल्या रेल्वेमार्गावरची, आपल्या नात्यागोत्याची. तिन्ही वेळा आम्ही इथून फोन केले आणि विचारले ते एकच: “आपली माणसं सुखरूप आहेत ना?” उत्तर आले, “आहेत, फादर.” आम्ही देवाचे आभार मानले आणि फोन ठेवला.

फोन करणे चूक नव्हते. पण ‘आपली’ या शब्दाची वेस आम्ही कुठे घातली होती? ज्याचे दुकान जळले तो आपला नव्हता काय? ज्याच्या घरात रात्रभर दिवा लावायची हिंमत झाली नाही, तो कोणाचा होता? यरुशलेमहून यरीहोला जाणाऱ्या वाटेवर जखमी होऊन पडलेल्या माणसाची गोष्ट आपल्याला तोंडपाठ आहे. त्या गोष्टीतला याजक आणि लेवी यांनी त्याला मारले नव्हते, लुटले नव्हते, शिवीही दिली नव्हती. ते फक्त रस्त्याच्या पलीकडच्या कडेने निघून गेले. ते कोणाच्या अध्यात ना मध्यात होते. आणि त्यांतला एक धर्मगुरू होता, हे आम्ही स्वतःला विशेष बजावतो.

डोंगरावरील प्रवचनात येशू ज्यांना धन्य म्हणतो, त्यांत शांती करणारे आहेत. शांतीची आवड असणारे किंवा शांत स्वभावाचे, असे तो म्हणत नाही. मूळ ग्रीक शुभवर्तमानात जो शब्द आहे तो ‘शांती’ आणि ‘करणे’ असे दोन शब्द जोडून बनलेला आहे, आणि नव्या करारात तो या एकाच ठिकाणी येतो. कुंभार मडके करतो, सुतार खाट करतो, तसे हे शांती करणारे. म्हणजे शांती ही आपोआप उगवणारी वस्तू नाही. ती घडवावी लागते, तिला हात लावावा लागतो, हात मळवावा लागतो. त्याच शब्दाचे क्रियापद संत पौलाच्या नावे असलेल्या कलस्सैकरांस पत्रात येते, आणि तिथे शांती करणारा स्वतः ख्रिस्त आहे. कशाने केली? क्रुसावर सांडलेल्या स्वतःच्या रक्ताने. शांतीची किंमत करणाऱ्याने स्वतः भरायची असते, ती दुसऱ्याकडून वसूल करायची नसते, हे त्या एका वाक्यात आले.

येशूच्या काळात शांतीचा दुसराही एक कारखाना जोरात चालला होता. सम्राट ऑगस्टसने मिळवलेल्या शांतीच्या सन्मानार्थ इ. स. पूर्व ९ साली रोममध्ये खास एक वेदी अर्पण करण्यात आली. ती संगमरवरी वेदी आजही पाहायला मिळते. रोमची शांती खोटी नव्हती. रस्ते सुरक्षित झाले, व्यापार वाढला. पण जो मान वर करील त्याला क्रुसावर टांगायचे, हा त्या शांतीचा पाया होता. आपल्या प्रभूला ज्या लाकडावर मारले ते त्या शांतीचेच एक हत्यार होते. तेव्हा सगळीकडे सामसूम आहे, एवढ्यावरून शांती आहे असे ख्रिस्ती माणसाने म्हणू नये. सामसूम भीतीनेही होते.

संत ऑगस्टिन यांनी या गोष्टीचा फार खोल विचार केला आहे. इ. स. ४१० मध्ये रोम शहर लुटले गेले. जग बुडाले असे लोकांना वाटले. त्यानंतर त्यांनी ‘देवाचे नगर’ हा मोठा ग्रंथ लिहायला घेतला आणि त्याच्या एकोणिसाव्या भागात ते शांतीकडे वळले. त्यांचे म्हणणे असे की शांती नको असा माणूस जगात नाही. दरोडेखोरालासुद्धा आपल्या टोळीत आणि आपल्या घरात शांती हवी असते. युद्ध करणाऱ्यालाही शांतीच हवी असते. फक्त ती त्याच्या अटीवर हवी असते. हे वाचून आपण आपल्या मनाला विचारावे. ‘गावात शांतता राहिली पाहिजे’ असे प्रत्येक जण म्हणतो. त्याच्या पोटात पुष्कळदा एक न बोललेला भाग असतो: ते लोक मुकाट राहिले म्हणजे शांतता राहील.

आठ शतकांनंतर संत थॉमस अक्विनास यांनी आणखी एक बारीक भेद केला. न्याय शांतीच्या वाटेतले धोंडे बाजूला करतो, पण प्रत्यक्ष शांती उपजते ती प्रीतीतून. दोन्ही हवेत. धोंडे न काढता नुसती गोड भाषा बोलली तर वाट चालता येत नाही. आणि धोंडे काढूनही कोणी चालायलाच तयार नसेल तर वाट ओसाड राहते. कोर्टाचा निकाल लागतो आणि भाऊ भावाचे तोंड पाहत नाही, हे आपण वऱ्हाडात धुऱ्याच्या भांडणात नित्य पाहतो. न्याय झाला, पण शांती झाली नाही.

आता एक जवळचे उदाहरण पाहू, आपल्या महाराष्ट्रातलेच.

ठाणे जिल्ह्यातली भिवंडी ही यंत्रमागांची नगरी. ७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी तिथे दंगल पेटली. दुसऱ्याच दिवशी तिची झळ आपल्या शेजारच्या जळगावला लागली. भुसावळच्या पुढे गाडी थांबते ते हे जळगाव. महाडलाही गडबड झाली. या तिन्ही ठिकाणच्या दंगलींची चौकशी न्यायमूर्ती मादोन आयोगाने केली. पुढे मे १९८४ मध्ये भिवंडी पुन्हा जळाली. ‘भिवंडी’ म्हटले की दंगल, असे समीकरणच होऊन बसले.

१९८८ मध्ये सुरेश खोपडे नावाचे पोलीस उपायुक्त तिथे आले. शांतता समित्या तोवर नव्हत्या असे नाही. शांतता समितीची बैठक आपल्यालाही ठाऊक आहे. गणपती, ईद, मिरवणूक जवळ आली की पोलीस ठाण्यात बोलावणे येते. पुढारी, प्रतिष्ठित, सर्व धर्मांचे प्रतिनिधी जमतात. आम्हालाही पहिल्या रांगेत बसवतात. भाषणे होतात, सहकार्याचे आश्वासन दिले जाते, चहा होतो आणि पुढच्या सणापर्यंत कोणी कोणाला भेटत नाही. खोपडे यांनी हे उलटे केले. त्यांनी मोहल्ल्यामोहल्ल्यांत समित्या केल्या, त्यांत दोन्ही समाजांची माणसे घेतली, आणि तीही पुढारी नव्हे तर साधी माणसे: दुकानदार, मागावर काम करणारा, रोजचा मजूर. त्यांच्याबरोबर त्या भागाचा पोलीस बसू लागला. बैठक सणापुरती नाही, वर्षभर. विषय कोणते? मोठे मुळीच नाहीत. शेजाऱ्याशेजाऱ्यांची कुरबुर, पोरांची मारामारी, गल्लीतला एखादा गुंड.

मग ६ डिसेंबर १९९२ आला. अयोध्येत बाबरी मशीद पाडली गेली आणि देशभर आग लागली. मुंबईत त्या डिसेंबरात आणि पुढच्या जानेवारीत झालेल्या दंगलींत ९०० माणसे मेली, असे श्रीकृष्ण आयोगाने नोंदले आहे. आणि मुंबईपासून हाकेच्या अंतरावर असलेली, दंगलीसाठी बदनाम झालेली भिवंडी शांत राहिली.

हा चमत्कार होता काय? आम्हाला वाटते, तो होता; पण तो त्या डिसेंबरात झाला नाही. तो आधीची चार वर्षे, रोज थोडा थोडा, गल्लीतल्या बैठकांत होत होता. अफवा अनोळखी माणसाविषयीच खरी वाटते, ही अफवेची मेख आहे. ‘त्यांनी असे केले’ हे वाक्य ‘ते’ कोण हे ठाऊक नसेल तोवरच चालते. ज्याच्याबरोबर काल नळाच्या भांडणाचा निवाडा केला, त्याला उठून विचारता येते, “काय रे, हे ऐकतो ते खरं आहे का?” तिथे अफवा मरते. आग लागल्यावर विहीर खणायला घेऊ नये, असे आपले जुने लोक सांगतात. भिवंडीने विहीर आधी खणून ठेवली होती.

मुंबईने हा धडा दंगलीनंतर घेतला. तेव्हाचे पोलीस आयुक्त सतीश साहनी, शांतीच्या कामाला वाहून घेतलेल्या सुशोभा बर्वे आणि निवृत्त पोलीस अधिकारी ज्युलिओ रिबेरो यांनी तिथे मोहल्ला समित्यांचे काम उभे केले. रिबेरो आपल्यातलेच, गोव्याच्या मुळाचे कॅथोलिक. मुंबईचे पोलीस आयुक्त होते, १९८६ मध्ये पंजाब पेटलेला असताना तिथे पोलीस महासंचालक म्हणून गेले. त्यांच्या जिवावर पंजाबात हल्ला झाला आणि पुढे १९९१ मध्ये रोमानियात राजदूत असतानाही झाला. एवढे सोसलेल्या माणसाने निवृत्तीनंतर आरामखुर्चीत बसून ‘आमचा काय संबंध?’ म्हटले असते तर कोणी नाव ठेवले नसते. हिंदू-मुसलमानांच्या त्या भांडणात ते ना इकडचे होते ना तिकडचे. म्हणूनच दोघांच्या मधे जाऊन बसायला ते मोकळे होते. आपण थोडके आहोत, दोन्ही बाजूंचे नाही, याला आपण आपली अडचण समजतो. ती देवाने दिलेली सोयही असू शकते.

इथे कोणी विचारील, आणि विचारावेच: फादर, येशूने तरी प्रत्येक भांडणात उडी घेतली काय? नाही घेतली. वडिलांच्या मालमत्तेची वाटणी करून द्या, असे एक जण म्हणाला तेव्हा, मला तुमच्यावर वाटण्या करणारा कोणी नेमले, असे विचारून त्याने नकार दिला. पण पुढे काय केले ते पाहा. तो पाठ फिरवून गेला नाही. ज्या लोभातून वाटणीची भांडणे उगवतात, त्या लोभावर त्याने बोट ठेवले आणि धान्याची कोठारे वाढवणाऱ्या श्रीमंताची गोष्ट सांगितली. प्रत्येक तंट्यात नाक खुपसणे म्हणजे शांती करणे नव्हे. पण तंट्याच्या मुळाशी जे आहे त्याविषयी गप्प बसणे, हेही येशूचे वागणे नव्हे.

हीच गोष्ट वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी आपल्या काळात करून दाखवली. वसईच्या हिरव्या पट्ट्यावर जमिनीच्या व्यवहाराचा डोळा पडला आणि दहशत आली, तेव्हा ‘हरित वसई’च्या चळवळीत ते पुढे उभे राहिले. धर्मगुरूने चर्च सांभाळावे, हे धंदे त्याचे नव्हेत, असे त्यांनाही ऐकावे लागले. पण त्यांच्याबरोबर ख्रिस्ती होते तसे हिंदू होते, मुसलमानही होते. कारण पाणी आणि जमीन सगळ्यांचीच होती. न्यायासाठी एकत्र उभी राहिलेली माणसे एकमेकांची होतात, ही शांतीची एक वेगळी वाट आहे. २०१९ मध्ये मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी त्यांची निवड झाली तेव्हा ते धर्मगुरू आहेत म्हणून विरोध झाला. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादला, म्हणजे आजच्या धाराशिवला, ते अध्यक्ष म्हणून बोलले. २५ जुलै २०२४ रोजी ते देवाघरी गेले. चर्चच्या कुंपणाबाहेर पडल्यामुळे त्यांचे ख्रिस्तीपण कमी झाले, असे त्यांच्या मागे कोणी म्हणणार नाही.

पण शांतीची सर्वांत चढणीची वाट क्षमेची. मलकापूरहून बऱ्हाणपूर, खंडवा करीत इंदूरकडे गेले की देवास जिल्ह्यात उदयनगर लागते. तिथे धर्मभगिनी राणी मारिया गरीब शेतकरी आणि आदिवासी यांच्यात काम करीत होत्या. सावकारांच्या विळख्यातून ती माणसे सुटू लागली, हे काहींना सहन झाले नाही. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरकडे जाणाऱ्या बसमध्ये, प्रवाशांदेखत, त्यांना भोसकून मारण्यात आले. बस भरलेली होती. बाकीचे प्रवासी भ्याले, पळाले. त्यांना दोष द्यायला आमची जीभ रेटत नाही. दुकानात चहाचा पेला हातात असताना जो बोलू शकला नाही, तो सुऱ्यापुढे बोलला असता काय?

पुढची गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. राणी मारिया यांची सख्खी धाकटी बहीणही धर्मभगिनी, सेल्मी पॉल त्यांचे नाव. २००२ च्या ऑगस्टमध्ये त्या तुरुंगात गेल्या आणि आपल्या बहिणीला मारणाऱ्याच्या मनगटावर त्यांनी राखी बांधली. त्याच्या सुटकेसाठी मृत बहिणीच्या घरच्यांनी आणि संघाने प्रयत्न केले. २००६ मध्ये तो सुटला. तो केरळात त्यांच्या घरी गेला तेव्हा त्या माऊलीने, जिच्या पोटचा गोळा त्याने हिरावला होता, त्याला पोटाशी धरले. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूरला राणी मारिया यांना ‘धन्य’ घोषित करण्यात आले, तेव्हा तो माणूस त्या सोहळ्याला हजर होता.

गुन्हा गुन्हाच राहिला, शिक्षा झाली, तो तुरुंगात राहिला. क्षमेने न्याय पुसला नाही. न्यायाला जे जमले नसते ते क्षमेने केले: खुन्याला भाऊ केले. आणि त्यासाठी साधन कोणते वापरले? क्रूस नव्हे, जपमाळ नव्हे, तर राखी. आपल्या देशाच्या मातीतला तो दोरा. शांती करणाऱ्याला समोरच्याची भाषा यावी लागते, हेही त्यातून शिकावे. सैलानीबाबांच्या यात्रेला आपल्या जिल्ह्यात सर्व जातिधर्मांची माणसे जातात. एकत्र येण्याचे जुने धागे या मातीत अजून शिल्लक आहेत. ते आपल्याला नव्याने कातायचे नाहीत, तुटू द्यायचे नाहीत इतकेच.

आता पुन्हा त्या शब्दाकडे येऊ. ‘मध्यात.’ यरुशलेमच्या मंदिरात परक्या लोकांना आत जाता येऊ नये म्हणून एक अडसर होता. तो ओलांडील त्याला मृत्यू, असा इशारा तिथे दगडात कोरलेला होता. तसा एक दगड १८७१ साली सापडला आहे. इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात वैराच्या आडभिंतीचा उल्लेख येतो, तिच्यामागे ती भिंत असावी असे अनेक अभ्यासक मानतात. ख्रिस्ताने ती भिंत पाडली आणि दोघांना एक केले, असे ते पत्र सांगते. कुठे उभे राहून? मधे. क्रूसही दोन गुन्हेगारांच्या मधे उभा होता. आपण त्याला देव आणि मानव यांतील ‘मध्यस्थ’ म्हणतो. मध्यस्थ म्हणजे मध्यात उभा असलेला. तो अध्यातही होता आणि मध्यातही होता. त्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्यांना बाजूला उभे राहण्याची मुभा कोणी दिली?

मधे उभे राहणाऱ्याला यश येतेच असे नाही. १२१९ मध्ये धर्मयुद्ध चालू असताना असिसीचे संत फ्रान्सिस इजिप्तमध्ये दोन सैन्यांच्या मधली मोकळी जागा ओलांडून सुलतान अल कामिल याला भेटायला गेले. हातात शस्त्र नव्हते. युद्ध त्यामुळे थांबले नाही. पण ते जिवंत परत आले आणि पुढे आपल्या बंधूंसाठी नियम लिहिताना, मुसलमानांमध्ये राहायला जाल तर वादविवाद न करता सेवकासारखे राहा, अशी वाट त्यांनी घालून दिली. आठशे वर्षांनी, फेब्रुवारी २०१९ मध्ये, त्यांचे नाव घेतलेले पोप फ्रान्सिस अबू धाबीला जाऊन अल अझहरच्या प्रमुख इमामांबरोबर बंधुभावाच्या निवेदनावर सही करून आले. काही बिया फार सावकाश उगवतात.

मग मलकापुरात आपण काय करायचे? आम्हाला मोठे कार्यक्रम सुचत नाहीत. सर्वधर्मसभेत हातात हात घालून फोटो काढणे वाईट नाही, पण फोटोनंतर ओळख राहिली नाही तर ती वर्तमानपत्राची शांती झाली. आम्हाला तीन साध्या गोष्टी सुचतात.

पहिली घरातली. मिस्सामध्ये ख्रिस्तप्रसाद स्वीकारण्यापूर्वी आपण एकमेकांना शांती देतो. आपल्याकडे हात जोडून, मान लववून देतो. आम्ही वेदीवरून पाहतो. काही जण उजवीकडे वळतात, मागे वळतात, पण डावीकडे वळत नाहीत. कारण तिथे सख्खा भाऊ बसलेला असतो. वेदीपाशी अर्पण ठेवून आधी भावाशी समेट करून ये, असे येशू सांगतो. म्हणूनच पूर्वेकडील ख्रिस्तसभांत शांतीचे चिन्ह अर्पणाच्या आधी येते. आपल्यातच कॅथोलिक आणि इतर ख्रिस्ती मंडळ्या यांचे येणे-जाणे किती आहे, हेही पाहावे. जो डावीकडे वळू शकत नाही, त्याने गावाला शांती शिकवू नये. हे आम्ही आम्हालाही सांगतो.

दुसरी मोबाइलची. अकोला काय, नागपूर काय, आगीला हवा मिळते ती या खिशातल्या यंत्रातून. कोणत्याही समाजाविषयी राग येईल असा मजकूर आला तर तो पुढे पाठवू नये. पण एवढ्याने ‘अध्यात ना मध्यात’ संपत नाही. ज्याने पाठवला त्याला, चारचौघांत त्याचा पाणउतारा न करता, फोन करून विचारावे: “दादा, हे खरं आहे हे कशावरून?” एवढे एक वाक्य.

तिसरी ओळखीची. आपल्या प्रत्येक घराने दुसऱ्या धर्माच्या दोन घरांशी अशी ओळख ठेवावी, की वाईट दिवशी रात्री बारा वाजता त्यांना फोन करता यावा आणि त्यांनाही आपल्याला करता यावा. एक घर या बाजूचे, एक त्या बाजूचे. वाईट दिवस उजाडल्यावर ही ओळख करता येत नाही. ती आज, काही झालेले नसताना, करायची असते.

शेवटी त्या दुकानदाराची गोष्ट पुरी करतो. आठ दिवसांनी आम्ही पुन्हा गेलो. यावेळी सामान काही घ्यायचे नव्हते. आम्ही म्हटले, “भाऊ, त्या दिवशी तुम्ही बोललात आणि आम्ही गप्प बसलो. ते आम्हाला पटलं नव्हतं. आमच्या वेदीवरची वस्त्रं शिवणारा माणूस तुम्ही म्हणता त्याच समाजाचा आहे. आम्ही त्याच्याशी व्यवहार बंद करणार नाही, आणि तुम्हीही करू नये असं वाटतं.” त्याने ऐकून घेतले. काही बोलला नाही. गिऱ्हाईक आले, तो तिकडे वळला. त्या दिवशी चहा आला नाही.

आम्ही आणखी महिन्याभराने गेलो, तेव्हाही त्याचे मत बदललेले नव्हते. पण त्याने पोऱ्याला हाक मारली, “फादरसाठी एक चहा सांग,” आणि मग हळूच विचारले, “तो तुमचा शिंपी... काम कसं करतो?”

आम्ही म्हटले, “चांगलं करतो. एकदा या, ओळख करून देतो.”

तो अजून आलेला नाही. आम्ही वाट पाहतो आहोत. तुम्हीही त्याच्यासाठी, त्या शिंप्यासाठी आणि आमच्यासाठी प्रार्थना करा. आणि या आठवड्यात मिस्साच्या शेवटी शांतीने घरी पाठवले जाल, तेव्हा ती शांती चर्चच्या फाटकाशी ठेवून जाऊ नका. तिला गावात न्या.

ख्रिस्तात तुमचा,
धर्मगुरू